विमलबाईची भिंत

माझ्या लेकीनं अमरावतीहून एक खोका पाठवला आहे. आत घरात लावायचा कॅमेरा आहे. "आई, दिनेशभाऊला सांगून ठेवलं आहे, तो येऊन लावून देईल," असं ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, दिनेशला म्हणाव, आधी विमलबाईच्या घरचा कांदा आठव आणि मग ये. दिनेश अजून आलेला नाही. खोका कपाटावर पडला आहे आणि पडूनच राहणार आहे.

लेक म्हणते, विमलमावशीचं वेगळं होतं. काय वेगळं होतं हे तिला ठाऊक नाही. ती तेव्हा इथे नव्हती, मी होते. विमलबाईला जाऊन आता वर्ष होईल. लोक काहीबाही बोलतात. हट्टी होती म्हणतात, हट्टापायीच गेली म्हणतात. म्हणून जे पाहिलं ते लिहिते.

आमची दोन घरं शेलूबाजारात, हायवेवरच्या दुकानांच्या मागे. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच. अलीकडे मी, पलीकडे ती. आम्ही शेतीवाले, ते कापडदुकानवाले जैन. ती कामरगावची लेक, लग्न होऊन इथे आली ती थेट दुकानाच्या गादीवरच बसली. दिसायला लहानखुरी, पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून आवाज असा कमावलेला, की ती घरात बोलली तर रस्त्यावरचा जीपवाला वळून पाहायचा. पुढे नवरा गेला, पोरगा पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात गेला, तेव्हा तिनं दुकान बंद केलं आणि पुढचा गाळा मोबाईलवाल्या दिनेशला भाड्यानं दिला. ती मागच्या खोलीत राहायची. खोली एकच. तिथेच चूल, तिथेच देव, तिथेच अंथरूण.

कोणी तिच्यासमोर फालतू बोलायला लागलं की ती भांडत नसे. उठायची, आत जाऊन डाळ निवडायची, मग परत येऊन विचारायची, "झालं?" समोरच्याचं झालेलं नसलं तर पुन्हा आत. एकदा मत मागायला आलेल्या पुढाऱ्याचं भाषण असंच ऐकलं तिनं. तो बिचारा तिसऱ्या "झालं?"ला उठून चपला घालून गेला. मत तिनं त्यालाच दिलं. म्हणाली, "समजलं त खरं त्याले."

धर्म ती कडक पाळायची. दिवस बुडायच्या आत जेवण आटपायचं. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटानं फिरवायचं आणि तेच पाणी पिऊन टाकायचं, म्हणजे अन्नाचा कण वाया जात नाही. प्यायचं पाणी जाड फडक्यातून गाळून. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. पण दुसऱ्यावर लादायची नाही. माझ्या घरी कांद्याची फोडणी बसली की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "शांते, खिडकी लाव!" मी लावायची. एवढंच.

आता कोणी असं समजू नये, की ती मोबाईलला भिणारी बाई होती. तिचा मोबाईल माझ्या मोबाईलपेक्षा चांगला होता. त्यात ती प्रवचन ऐकायची, मंगरूळपीरचा सोयाबीनचा भाव पाहून तो शेतकऱ्यांना सांगायची, मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवून इंदूरच्या बहिणीला पाहायची. बोलणं झालं की पुढचं माणूस अर्ध्या वाक्यात असलं तरी बंद करायची. मी म्हटलं, असं कसं गं, तिला वाईट वाटलं असेल. तर म्हणाली, "फोन मी उचलतो. फोननं मले उचलू नये."

माझा मालक गेल्यावर, एका हिवाळ्यात तिला ताप भरला आणि दुपारपर्यंत मला पत्ता नाही. बरी झाल्यावर तिनं नियम केला. सकाळी उठल्याबरोबर तिनं खलबत्त्यातल्या बत्त्यानं भिंतीवर एक ठोका द्यायचा, मी इकडून वरवंट्यानं उत्तर द्यायचं.

"आन ठोका नाही आला त?" मी विचारलं.

"त यायचं."

"आन आला त?"

"आला त आपल्या कामाले लागायचं. उगा इचारत यायचं नाही, का झोप लागली का, काय खाल्लं. ठोका म्हणजे मी हाय. बाकीचं माह्यं मी पाहीन."

इतकी वर्षं तो ठोका चालला. माझ्या भिंतीचा पोपडा पडला त्या जागी. मी तिथे पुन्हा चुना लावला नाही.

मग संजू आला. संजू म्हणजे तिचा पोरगा. वाईट नाही. खरं सांगायचं तर फार काळजीचा पोरगा आहे. त्याच्या पुण्यातल्या कोणा मित्राची आई गावी पडली आणि कोणाला कळलं नाही, ते ऐकून तो हबकला होता. एका उन्हाळ्यात सुट्टी काढून आला, आणि आई देवळात गेली असताना दिनेशला घेऊन खोलीत कॅमेरा लावून टाकला. ती परत आली तर देवाच्या वरच्या बाजूला एक पांढरा गोळा, त्याला काळा डोळा.

"हे काय?"

"आई, मी तिकडे बसून तुला पाहू शकेन. बोलूही शकेन."

"दुकानातला तागा हाय का मी? काचेत ठेवून पाह्यला?"

संजू म्हणाला, "मला तिकडे झोप लागत नाही, आई." हे तो खोटं बोलत नव्हता. डोळे दिसत होते त्याचे. ती डाळ निवडायला उठली नाही, "झालं?" म्हणाली नाही. म्हणाली, "बरं. राहू दे." हे मी मुद्दाम लिहिते. तिनं कॅमेरा आपल्या खुशीनं राहू दिला होता. लोक हे सांगत नाहीत.

पण खोली एक. आणि महिना मे. वाशीमकडचा मे ज्यानं सोसला नाही त्याला काय सांगायचं. दुपारी म्हातारी बाई दार लावून, चोळीच्या गाठी सोडून फरशीवर पडते, तेव्हा कुठे जीव राहतो. आता त्या खोलीत डोळा होता. पोराचाच डोळा, पण डोळाच. पहिले काही दिवस ती चोळी घट्ट बांधून, पदर घेऊन, भिंतीला टेकून बसायची. अंगभर घामोळं आलं. मग एका दुपारी पाणी गाळायचं ओलं फडकं तिनं दोरीवर न टाकता कॅमेऱ्यावर टाकलं.

लगेच फोन वाजला. मी तिथेच बसले होते.

"आई, काही दिसत नाहीये."

"मले दिसते."

"ते फडकं काढ ना."

"वाळू दे."

"मे महिन्यात किती वेळ लागतो वाळायला?"

"जाड हाय."

ते फडकं रोज दुपारी तिथेच वाळायचं आणि संध्याकाळी निघायचं. संजूनं दिनेशला फोन केला. दिनेश शिडी घेऊन आला आणि कॅमेरा छताजवळ नेला, तिचा हात पोचणार नाही असा. दिनेश तिचा भाडेकरू. खाली मान घालून स्क्रू पिळत होता. ती म्हणाली, "दिनेश, गाळा कोनाचा हाय रे?"

"तुमचा, काकू."

"आन खोली?"

"तुमचीच."

"मंग तू कोनाचा?"

दिनेश शिडीवरून म्हणाला, "काकू, माह्यं दोनीकडून मरण हाय." ती हसली. त्याला पाणी दिलं, पण शिडी धरली नाही.

आता भादव्यातली गोष्ट, जिच्यापायी दिनेश माझ्या घरी यायला घाबरतो.

भादव्यात त्यांचे दशलक्षणाचे दिवस असतात. तिचा निर्जळ उपवास होता, आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नाही. दुपारी देवळातून आली आणि सामायिकाला बसली. सामायिक म्हणजे ठरवलेला वेळ होईपर्यंत एका जागी बसायचं, मनात जप करायचा. बोलायचं नाही, उठायचं नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. ती ते रोज करायची, पण पहाटे आणि संध्याकाळी. त्या दिवशी सण म्हणून दुपारी एक जास्तीचं केलं. खांबाला पाठ, मान जराशी खाली, हात मांडीवर पदराखाली.

संजूची जेवायची सुट्टी झाली असेल. त्यानं मोबाईलमध्ये पाहिलं तर आई बसलेली, मान पडलेली, हलत नाही. फोन केला. फोन तिच्याजवळ वाजून वाजून बंद पडला. मग मला भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज ऐकू आला, "आई! आई!" मी उठून गेले. आवाज छतातून येत होता. खाली ती डोळे मिटून बसलेली.

मी वर पाहून म्हटलं, "संजू, सामायिकाले बसली हाय ते." पण तो ऐकेल तर ना. त्यानं तोवर दिनेशला फोन लावला होता, दवाखान्यात लावला होता, जीपस्टँडवर कोणाला तरी लावला होता. दिनेश दुकानातून गिऱ्हाइकांसकट धावत आला. जीप आळीत घुसली आणि हॉर्न वाजवत उभी राहिली. डॉक्टर पिशवी घेऊन आले. आळीतल्या बायका आल्या. एकीनं तांब्या उचलला आणि तिच्या तोंडाशी पाणी नेलं. मी हात धरला तिचा. म्हटलं, उपवास मोडतेस का बाईचा? तर ती मलाच म्हणाली, "मराले टेकली ते, आन तुले उपवास पडला!"

तेवढ्यात छतातून संजू ओरडला, "दिनेश, कांदा! कांदा फोडून नाकाला लाव!"

जैनाचा पोरगा. आईच्या खोलीत, देवाच्या वरून, भादव्यात, कांदा मागत होता.

तिच्या घरी कांदा कुठला असणार. दिनेश माझ्या घरात शिरला, टोपलीतला कांदा घेतला, तिच्याच उंबऱ्यावर बुक्कीनं फोडला आणि आत यायला निघाला. मी आडवी झाले. म्हटलं, "दिनेश, आत पाय टाकशील त तंगडं तोडीन." तो म्हणतो, "काकू, भाऊ सांगून राह्यले!" मी म्हटलं, "भाऊ वरतून सांगून राह्यला. तंगडं अठी खाली हाय."

डॉक्टर शहाणे. ते खाली बसले आणि नुसतं पाहिलं. मग तिच्या पदराखालच्या हाताकडे बोट दाखवलं. पदर हलत होता, अगदी थोडासा. माळेवरचं बोट पुढच्या मण्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. डॉक्टर हसले आणि पिशवी बंद केली. "थांबा सगळे," म्हणाले. आणि सगळे थांबले. जीपवाला, गिऱ्हाइकं, बायका, सगळे उभे राहून एका बाईचा जप संपायची वाट पाहत होते. छतसुद्धा गप्प झालं.

तिचं झालं. तिनं जमिनीला डोकं टेकवलं, डोळे उघडले, एवढी माणसं पाहिली. म्हणाली, "झालं?"

मग तिनं नाक वर केलं.

"कांदा कोनं आनला?"

दिनेशनं हात पाठीमागे नेला आणि दुसऱ्या हातानं वर बोट दाखवलं. तिनं वर पाहिलं. कॅमेरा लागल्यापासून तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं, आज पाहिलं.

"संजू, लहानपनी माह्या मांडीवर बसून सामायिक करे तू. हालला का मी चिमटा घेवो. इसरला?"

छतातून आवाज आला, आणि त्यातली पुण्याची भाषा पार गळून पडली होती. "आई, मी भेलो वं."

"भेला त शांतेले इचारायचं. भिंतीपल्याड बसली असते ते. तिचा नंबर नाही तुह्याजवळ?"

नव्हता. दिनेशचा होता, डॉक्टरांचा होता, जीपवाल्याचा होता. माझा नव्हता.

"घेऊन घे," ती म्हणाली. "आन तुह्या घरी कांदा येते हे मले मालूम हाय. माह्या घरी नोको धाडू."

त्या संध्याकाळी उपाशी पोटी तिनं उंबरा धुतला. मी मदतीला गेले तर म्हणाली, कांदा तुझा होता, तू धूच.

सगळ्यांना वाटलं आता ती कॅमेरा फोडणार. तिनं फोडला नाही. तिनं दिनेशला बोलावलं आणि अगदी तसाच दुसरा मागवला. तो दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर पुण्याला रवाना केला. संजूचा फोन आला तेव्हा तिनं आवाज मोठा करून ठेवला होता, मला ऐकू यावं म्हणून.

"आई, हा कॅमेरा कशाला?"

"तुमच्या जेवाच्या टेबलासमोर लाव. माह्या मोबाईलमंदी मले दिसला पाह्यजे."

"अगं, आम्हाला कशाला? आम्ही बरे आहोत."

"मीबी बरी हाय."

"पण आमचं घर आहे ते, आई. खाजगी काही असतं का नाही?"

"झालं?" ती म्हणाली.

मग ती सावकाश म्हणाली, "तुले काळजी वाटते म्हून तू पाह्यतो. मले तुही काळजी वाटत नाही का? मी माय हो तुही. एक त दोनी लागतीन, नाही त दोनी निघतीन."

त्याला वाटलं असेल, म्हातारी आहे, चार दिवस पाहील आणि विसरेल. त्यानं लावला. दिनेशनं तिला मोबाईलमध्ये कुठे दाबायचं ते दाखवलं. आणि तिनं पाहिलं. दुकानावर बसायची तशी बसून, नेमानं पाहिलं. रात्री उशिरा जेवताना पाहिलं, ताटात काय आहे ते पाहिलं, संजू, सून आणि नात तिघं तीन मोबाईलमध्ये माना घालून बसलेली पाहिली. त्यावर ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं बोलेल. ती बोलली ती एकदाच. संजूचे साहेब जेवायला आले होते, आणि पुण्यातल्या भिंतीतून अख्ख्या शेलूबाजाराला ऐकू जाईल असा आवाज आला, "मनीषा, त्या मान्साले वाढ ना वं! ताट रिकामं हाय त्याचं!"

साहेबाचा घास म्हणे हातातच राहिला. मनीषा तिची सून. ती पुढे मला हे सांगताना इतकी हसली, की डोळे पुसावे लागले. पण त्या रात्री हसली नसणार.

माझी करमणूक चालली होती. मी रोज दुपारी जाऊन विचारायची, आज काय दिसलं? एक दिवस गेले तर मोबाईल तिनं पालथा ठेवला होता.

"काय झालं वं?"

"काही नाही."

"भांडले का?"

"नाही."

मी नेट लावला. तेव्हा एवढंच म्हणाली, "मनीषा घरी एकटीच होती. तिले वाटलं कोनी पाहून नाही राह्यलं." सून काय करत होती, रडत होती का नाचत होती, हे तिनं मला मरेपर्यंत सांगितलं नाही. मी पुष्कळ विचारलं. "बाई, मी चोरावानी पाह्यलं," एवढंच पुन्हा म्हणाली, आणि हात धुवायला उठली. खरंच हात धुतले तिनं.

संध्याकाळी तिनं पुण्याला फोन लावला, संजूला नाही, सुनेला. "मनीषा, तुह्या घरचा काढून टाक. मले नोको इचारू का काहून." तिकडे काय झालं ते मला माहीत नाही. मनीषानं त्याच दिवशी आपल्या घरचा काढला, आणि दुसऱ्या दिवशी दिनेश शिडी घेऊन आला. "वहिनीचा फोन आला, काकू," म्हणाला. या वेळी विमलबाईनं शिडी धरली.

कॅमेरा गेला, त्याचा हुक छताजवळ राहिला. तिथे हात पोचत नव्हता म्हणून, नाहीतर तिनं फडकं त्यावरच वाळवलं असतं.

पुढची गोष्ट लोकांना फार आवडते, म्हणून मीच सांगते. ती पडली. न्हाणीत पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. लोक म्हणतात, पाहा, कॅमेरा असता तर. अहो, न्हाणीत लावला असता का कॅमेरा? ती तशीच पडल्या पडल्या तांब्या घेऊन भिंत बडवत राहिली. सकाळचा ठोका येऊन गेला होता, हा दुसरा होता. दुसरा ठोका कधी यायचा नाही. मी पीठ भरल्या हातानं धावले. ती फरशीवर, ओली, दात आवळलेले. मला पाहून म्हणाली, "आधी लुगडं दे. मंग लोकायले बोलाव."

संजू जालन्यापासून समृद्धीनं गाडी दामटत आला. या वेळी त्यानं काही लावायची गोष्ट काढली नाही. सरळ म्हणाला, "आई, आता पुण्याला चल." ती म्हणाली, "येतो. हाड जुडलं का वापस सोडून देजो." तो हो म्हणाला. त्याला वाटलं तिकडे रमेल. मलाही वाटलं. गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरवंटा हातात घेतला आणि खाली ठेवला. वेड्यासारखं कशाला करायचं.

हाड जुळायला हिवाळा गेला. आणि एका सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर भिंतीवर ठोका. आदल्या रात्री उशिरा आली होती. पोराला म्हणाली होती, शांतेला उठवायचं नाही, तिला सकाळी कळेलच.

पुण्याबद्दल विचारलं तर तिला एकच गोष्ट सांगायची होती. नात, श्रेया, कॉलेजात जाते. संजूनं तिच्या मोबाईलमध्ये असं काही करून ठेवलं होतं, की पोरगी कुठे आहे ते त्याला घरबसल्या दिसावं. आजी आणि नात एका खोलीत झोपायच्या. एक दिवस नात म्हणाली, "आजी, पप्पा मलापण बघतात."

"मंग तू काय करते?"

"मोबाईल मैत्रिणीच्या बॅगेत ठेवते आणि मला जायचं तिकडे जाते. पप्पांना वाटतं मी लायब्ररीत आहे."

हे सांगताना विमलबाई मांडीवर थाप मारून हसली, मोडक्या मांडीवर, आणि कळवळली. म्हणाली, "शांते, त्याले वाटते पाह्यलं का मानूस सापडते. अवं, पाह्यलं त मानूस लपते. मी फडक्यामांगं, पोट्टी लायब्ररीमांगं."

"मंग सांगितलं का संजूले?"

"कायले सांगू? पोट्टी कोठी जाते हे मले तिनं सोताहून सांगितलं. त्यानं इचारलं असतं त त्यालेबी सांगितलं असतं."

कुठे जाते, हे मी विचारलं. अर्थातच तिनं सांगितलं नाही.

त्यानंतर ती काठी टेकत दोन पावसाळे जगली. संजू मला फोन करायचा, आठवड्यातून एखादा. "मावशी, ठोका आला?" "आला." "बरं." तोही शिकला. पुढे काही विचारायचा नाही.

मग एक दिवस ठोका आला नाही.

मी गेले. दाराला आतून कडी होती. दिनेशनं खिडकीची पट्टी काढून आत हात घातला आणि कडी काढली. ती अंथरुणावर, कुशीवर, हात उशाखाली. झोपेतच गेली होती. मी दिनेशच्या आधी आत शिरले आणि पदर नीट केला. मग लोकांना बोलावलं. तसाच क्रम तिनं सांगितला होता.

घर भरलं. इंदूरची, अकोल्याची माणसं आली. तिच्या एका भाच्यानं सगळ्यांसमोर तोंड उघडलं, "कॅमेरा काढायला नको होता. असता तर रात्रीच कळलं असतं." मी म्हटलं, "काय कळलं असतं? म्हातारी झोपली हाय, हेच दिसलं असतं. रोज दिसलं असतं तसंच." तो म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं, आजी." मी उत्तर देणार होते. तोंडात चांगलं तयार होतं. पण संजू बोलला. खाली मान घालून बसला होता, वर न पाहता म्हणाला, "ती नको म्हणाली होती." भाचा म्हणाला, "पण दादा—" संजू म्हणाला, "झालं?"

त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आता माझी लेक म्हणते, आई, तू एकटी आहेस, पलीकडे ठोका द्यायलाही कोणी नाही. बरोबर आहे तिचं. पलीकडे आता कुलूप आहे. मी तिला सांगितलं, तू रोज सकाळी फोन कर, मी उचलीन, "हाय" म्हणीन आणि ठेवीन. नाही उचलला तर दिनेशला पाठव. त्याला म्हणाव, कांदा नको आणू. ती म्हणते, एवढ्यानं कसं भागेल? भागतं. मी भागताना पाहिलं आहे.

मला विमलबाई आठवते ती अंथरुणावरची नाही. आदल्या संध्याकाळची आठवते. मी मागच्या अंगणात वाळलेल्या कुरडया उचलायला गेले होते. ऊन अजून तिच्या मागच्या दाराच्या वरच्या फळीवर होतं, म्हणजे दिवस बुडायला थोडा अवकाश होता. ती पायरीवर पाठमोरी बसून जेवत होती. जेवण झालं. ताटात पाणी ओतलं, बोटानं चारी बाजूंनी फिरवलं, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि प्यायली. मग ताट पदरानं पुसलं. मी टोपली कमरेवर घेऊन उभी होते. का उभी होते, सांगता येत नाही. रोजचंच होतं ते.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"काय पाहून राह्यली वं?"

"काही नाही."

"मंग जाय घरी."

ती काठी टेकून उठली, ताट घेऊन आत गेली, दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.